लिफ्ट केलेल्या पिकअपचे मागचे शॉकअप दर चार महिन्यांनी का जातात?

स्पीडब्रेकरवरून मागची चाकं खाली उतरली की पाठीमागून 'ठक्क' असा लोखंडी आवाज येतो. चढताना नाही, उतरताना. महिनाभर तो आवाज वाढत जातो, मग एका बाजूच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसतो, आणि एके दिवशी वरच्या रिंगेचं वेल्डिंग सुटतं नाहीतर रिंगेतला रबरी बुश फाटून बाहेर येतो. नवी जोडी टाकली की दोन-तीन महिने शांतता आणि पुन्हा तोच आवाज. गाडीला लिफ्ट केली असेल, म्हणजे बॉडीची उंची वाढवून घेतली असेल, आणि हे वर्णन ओळखीचं वाटत असेल तर पुढचं सगळं सावकाश वाचा. माझ्या डबल कॅब पिकअपला हा त्रास वर्षभर होता. तेवढ्यात शॉकअपच्या तीन जोड्या झाल्या.

गाडीला पुढे डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म, आणि कॉइल स्प्रिंग आहे, मागे पाटे. लिफ्ट दोन इंचांची. पुढे स्ट्रटच्या (कॉइल आणि शॉकअपची एकत्र जोडणी) डोक्यावर स्पेसर, म्हणजे जाड चकती, मागे पाट्यांच्या गठ्ठ्यात एक जादा पाटा. आठवडाभर शहरातला वापर, शनिवार-रविवार मुळशी, ताम्हिणी, नाहीतर वेल्ह्यावरून केळद आणि मढे घाटाची बाजू.

पहिली जोडी म्हणजे गाडीबरोबर आलेलीच. ती गेली तेव्हा वाटलं, जुनी होती. पुण्यात नाना पेठेत जाऊन दुसरी आणली. काउंटरवर एकच प्रश्न आला, "किती इंच लिफ्ट?" मी म्हणालो दोन. त्यांनी 'दोन इंच लिफ्टचा' असा शिक्का असलेला खोका दिला. तीही जोडी गेली. तेव्हा भोसरीतल्या एका जुन्या फिटरने ती काढून हातात घेतली, दांडा वाकलेला दाखवला, मग पहिल्या जोडीची तुटलेली रिंग शेजारी ठेवली आणि म्हणाला, "साहेब, ही रिंग ओढून गेलीय आणि हा दांडा ठोकून गेलाय. आधी टेप आणा." त्या एका वाक्याने माझा सगळा शोध वळला.

शॉकअप नेमकं करतो काय

गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही. ते काम पाट्यांचं किंवा कॉइलचं. शॉकअप फक्त स्प्रिंगची हालचाल मंद करतो. दुकानाच्या काचेच्या दाराला वर जो हायड्रॉलिक क्लोजर असतो, तसंच हे यंत्र आहे. आत तेल असतं, पिस्टनमध्ये बारीक वाटा आणि व्हॉल्व्ह असतात, तेलाला त्या वाटांमधून बळेच जावं लागतं आणि हालचालीची ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून 'गाडी बसलीय, शॉकअप टाका' हा सल्ला चूक आहे. गाडी बसली असेल तर पाटे बघा. गाडी डोलत असेल, टप्पे खात असेल, टायरवर लाटांसारखी झीज दिसत असेल, तर शॉकअपकडे या.

लिफ्ट केल्यावर बिघडतं ते असं. शॉकअपला एक ठरलेली लांबी असते, पूर्ण मिटल्यावरची आणि पूर्ण उघडल्यावरची. मूळ उंचीला गाडी उभी असताना तो या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. खड्डा आला की उघडतो, उंचवटा आला की मिटतो. तुम्ही बॉडी वर उचलली की तोच शॉकअप उभ्या गाडीतच जास्त उघडलेला राहतो. वर जायला भरपूर जागा, खाली जायला थोडी. मग चाक खड्ड्यात उतरलं की अॅक्सलचं सगळं वजन शॉकअपच्या आतल्या टोकाला लटकतं. तुम्हाला ऐकू येणारा 'ठक्क' तोच.

माझ्या गाडीचे आकडे सांगतो, म्हणजे हिशेब डोळ्यांसमोर येईल. हे आकडे उचलून वापरू नका, तुमच्या गाडीचे वेगळे असणार. मागच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर लिफ्टच्या आधी ४२० मिलिमीटर होतं, लिफ्टनंतर ४६५ झालं. उंची ५० मिलिमीटरने वाढली तरी हे अंतर ४५ नेच वाढलं, कारण शॉकअप तिरका बसतो. मूळ शॉकअप पूर्ण उघडला की ५३५. म्हणजे आधी खाली जायला ११५ मिलिमीटर होते, लिफ्टनंतर उरले ७०. आणि शॉकअप सोडवून अॅक्सल मोकळा लटकवला तर तो ५७५ पर्यंत खाली जात होता. ५३५ ते ५७५ मधल्या त्या ४० मिलिमीटरने माझी पहिली जोडी तोडली.

नाना पेठेतून आणलेली दुसरी जोडी उघडल्यावर ६१० होती, ओढण्याचा प्रश्नच नव्हता. पण मिटल्यावर ती ३७५ होती, आणि माझ्या गाडीचं बंप स्टॉपचं रबर (अॅक्सलला वर चेसिसवर आदळू न देणारं) टेकतं तेव्हा अंतर असतं ३६५. शॉकअप रबराच्या आधी दहा मिलिमीटर तळ गाठत होता. बंप स्टॉप आणखी २५ मिलिमीटर दबतो, तो हिशेब तर वेगळाच. ताम्हिणीत एका दगडी चरात गाडी आदळली तेव्हा तो सगळा मार पिस्टनच्या दांड्याने खाल्ला.

'दोन इंच लिफ्टचा शॉकअप' या शब्दांना काही अर्थ नाही, हे माझं ठाम मत झालंय. दोन इंच हा बॉडीचा आकडा आहे. शॉकअपला हवेत दोन आकडे, मिटलेली लांबी आणि उघडलेली लांबी. हे दोन आकडे जो दुकानदार कॅटलॉग काढून सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका, मग खोक्यावर कुठलंही नाव असो.

मोजायचं कसं

यात घाई करू नका. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट, आणि चेसिस घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. जॅक सरकायला तेवढा वेळ लागत नाही.

आधी उभ्या गाडीचं अंतर घ्या, चारही चाकांचं, रोजचं सामान गाडीत असताना. मग मागचे दोन्ही शॉकअप काढा, अॅक्सलखाली जॅक लावून हळूहळू खाली सोडा. सोडताना ब्रेकची लवचिक नळी, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि डिफरेन्शियलची ब्रीदर पाइप यांच्यावर नजर ठेवा. यातलं जे आधी ताणलं जाईल ती तुमची खालची हद्द. माझ्या गाडीत ब्रेकची नळी ५५० लाच ताठ झाली. कल्पना करा, मी डोळे झाकून ६१० चा शॉकअप लावून सहा महिने घाट उतरत होतो. त्या काळात नळी फाटली नाही याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो. लांब नळी टाकल्याशिवाय लांब शॉकअप टाकायचा नाही, हा क्रम पाळाच.

मिटलेलं अंतर घेणं कष्टाचं, कारण पाटे गॅरेजमध्ये हाताने दबत नाहीत. मी एका बाजूचं मागचं चाक दगडी ओट्यावर चढवलं आणि हौद्यात वाळूच्या गोण्या टाकत गेलो, रबर टेकेपर्यंत. टेकल्यावरचं अंतर घेतलं आणि रबर पूर्ण दबेल तेव्हाचे २५ मिलिमीटर त्यातून वजा केले. शॉकअपची मिटलेली लांबी त्याहून निदान दहा-बारा मिलिमीटर कमी हवी. उघडलेली लांबी लटकत्या अॅक्सलच्या अंतरापेक्षा तितकीच जास्त हवी. जास्त मिळत नसेल तर अॅक्सलला लिमिट स्ट्रॅप, म्हणजे जाड पट्टा लावायचा, म्हणजे वजन पट्ट्याला लटकेल, शॉकअपला नाही.

इथे एक अडचण येते. वर आणि खाली दोन्हीकडे पुरेल असा शॉकअप बहुतेक वेळा मिळत नाही, कारण लांब उघडणाऱ्या शॉकअपची नळीच लांब असते, तो फार मिटू शकत नाही. अशा वेळी बंप स्टॉप खाली घ्यावा. मी लेथवाल्याकडून २५ मिलिमीटरचा ठोकळा करून रबराच्या वर बसवला. टेकण्याचं अंतर ३६५ वरून ३८७ झालं, रबर पूर्ण दबल्यावर ३६२. मग मिटल्यावर ३५० आणि उघडल्यावर ५९० असा शॉकअप चपखल बसला, दोन्हीकडे हात मारायला जागा ठेवून. वर जायची जागा कमी झाली का? मूळ गाडीत उभ्या स्थितीपासून रबरापर्यंत ५५ मिलिमीटर होते, आता ७८ आहेत. लिफ्टने दिलेल्या ४५ पैकी २२ परत केले, इतकंच.

ज्यांच्या गाडीला मागे किंवा दोन्हीकडे आडवा अखंड अॅक्सल आणि कॉइल आहेत, म्हणजे गुरखा, जिमनी, किंवा नव्या थारचा मागचा भाग, त्यांनी एक चाक उंचावर आणि दुसरं मोकळं लटकतं अशा तिरक्या अवस्थेतही मोजावं. एक बाजू रबरावर टेकली की तिथून तरफेसारखं होऊन दुसरी बाजू सरळ लटकण्यापेक्षा आणखी खाली जाऊ शकते.

लांबी बरोबर, तरी गाडी आपटते

तिसऱ्या जोडीची लांबी मी नीट बघून घेतली होती. तेल गळलं नाही, आवाज गेला. पण केळदच्या रस्त्यावर, जिथे खडी उघडी पडून पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा झाल्यात, तिथे गाडी सुरुवातीला ठीक आणि शंभर मीटर गेल्यावर मागून दगडासारखी. मला वाटलं पाटे थकले. पाटे उतरवून कमान तपासून घेतली, तर कमान जशीच्या तशी.

दोष व्हॉल्व्हिंगचा, म्हणजे आतले व्हॉल्व्ह तेलाला किती अडवतात त्याचा होता. शॉकअपचा विरोध दोन दिशांनी असतो. मिटतानाचा कंप्रेशन, उघडतानाचा रिबाउंड. कडक स्प्रिंग जोराने परत उसळते, तिला आवरायला रिबाउंड जास्त लागतो. ती जोडी होती हौदा कायम भरलेल्या गाड्यांच्या कडक पाट्यांसाठी. माझ्या हलक्या गाडीत तिचा रिबाउंड इतका जास्त की पाटा एका लाटेतून सावरून खाली यायच्या आत दुसरी लाट यायची. प्रत्येक लाटेला गाडी थोडी थोडी खाली बसत जायची आणि शेवटी रबरावर चालायची. ओळखायची खूण ही की एकट्या खड्ड्यात गाडी चांगली वागते आणि ओळीने आलेल्या खड्ड्यांत बिघडत जाते. याच्या उलट, एका उंचवट्यानंतर गाडी होडीसारखी दोन-तीनदा वरखाली होत असेल तर रिबाउंड कमी पडतोय.

म्हणून शॉकअप निवडण्याआधी गाडीचं वजन करा. अंदाजाने नको, वजनकाट्यावर. चाकणच्या बाजूला मालवाहू गाड्यांचे काटे आहेत, थोड्या पैशांत चिठ्ठी मिळते. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. माझी रिकामी गाडी पुढे १,१९० आणि मागे ८८० किलो भरली. चार माणसं, तंबू, पाणी आणि फ्रिज घालून मागे १,२२०. वर्षातले किती दिवस गाडी त्या वजनाने फिरते, याचं प्रामाणिक उत्तर स्वतःला द्या. माझं उत्तर वीसेक दिवस होतं. त्या वीस दिवसांसाठी उरलेले साडेतीनशे दिवस कडक गाडीत घरच्यांची पाठ मोडण्यात अर्थ नव्हता. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन यांच्यासारखे ऑस्ट्रेलियन उत्पादक एकाच गाडीसाठी वजनानुसार वेगवेगळ्या स्प्रिंगा देतात. तिथे शॉकअप निवडताना आपली स्प्रिंग कुठली हे सांगून त्याला जुळणारा मागा. पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावणार असाल तर ते आधी लावा, मग वजन, मग स्प्रिंग, आणि सर्वांत शेवटी शॉकअप. बहुतेक लोक उलटं करतात.

ट्विन ट्यूब की मोनोट्यूब, यावर तासन् तास वाद होतात. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, तेलापासून वेगळा ठेवलेला नायट्रोजन जोरदार दाबाखाली असतो, त्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि उष्णताही बाहेरच्या नळीतून थेट निघून जाते. बिल्स्टीनने १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी हे तंत्र कारखान्यात आणलं. लांबच लांब खडबडीत रस्ता वेगाने कापायचा असेल, लडाख किंवा कच्छसारखा, तर ते उत्तम. पण त्याची बाहेरची नळी म्हणजेच पिस्टन ज्यात फिरतो ती नळी. दगड लागून पोचा पडला की पिस्टन अडकतो. ट्विन ट्यूबमध्ये पिस्टन आतल्या नळीत असतो, बाहेरच्या नळीवर बारीक पोचा पडला तरी काम चालतं. आपल्या सह्याद्रीतलं ऑफरोडिंग म्हणजे काळ्या बसाल्टच्या धोंड्यांवरून कमी वेगात चढणं-उतरणं. शॉकअप तापण्याइतका वेग तिथे येतच नाही, दगड मात्र पावलोपावली. म्हणून पुण्याच्या आसपास फिरणाऱ्याला मी जाड नळीचा, गॅस भरलेला ट्विन ट्यूबच सांगेन. बाहेर डबा लटकवलेल्या रिझर्व्हॉयर शॉकअपचे जादा पैसे ब्रेकच्या लांब नळीत आणि चांगल्या बुशमध्ये घाला.

पुढची बाजू

पुढच्या स्पेसरबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. डबल विशबोनमध्ये स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, म्हणून वर लावलेला एक इंचाचा स्पेसर चाकापाशी जवळपास दोन इंच उंची देतो. स्ट्रट आतून तोच राहतो, पण चाक पूर्वीपेक्षा जास्त खाली लटकू लागतं. त्या टोकाला सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा वळता सांधा) कोन वाढतो, त्याचा रबरी बूट फाटतो, वरचा आर्म कॉइलला घासू शकतो. आणि मिटताना स्ट्रट बंप स्टॉपच्या आधी तळ गाठू शकतो. माझा बूट दोनदा फाटला तेव्हा मी स्पेसर काढून उंच स्प्रिंगसाठीच बनवलेला स्ट्रट घेतला. त्याची उघडलेली लांबी निर्माता सीव्ही जॉइंट बघून ठरवतो, म्हणून पुढे 'जास्त लांब म्हणजे जास्त चांगला' हा विचार मनात आणू नका. उंची वाढली की कॅस्टरही, म्हणजे स्टीअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि स्टीअरिंग सरळ रेषेत भटकतं. त्याचा दोष लोक शॉकअपला देतात. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टरचा आकडा मागून घ्या.

आणि लिफ्टच अजून करायची असेल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडक लावला आहे.

बसवताना

चांगला शॉकअप फिटिंगमध्ये मरतो. बुशचे बोल्ट गाडी घोडीवर लटकती असताना पक्के आवळले की रबर त्याच अवस्थेत धरलं जातं, गाडी खाली आली की पीळ बसतो आणि काही महिन्यांत बुश फाटतो. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उभी करा, एकदोनदा हलवा आणि मगच पाना मारा. माझ्या फाटलेल्या बुशांपैकी निम्मे तरी या कारणाने गेले असावेत. ट्विन ट्यूब शॉकअप आडवा पडून आलेला असतो, तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण उघडून मिटवा, म्हणजे आतली हवा वर जाईल. दांडा फिरतोय म्हणून त्याला पक्कड लावू देऊ नका. एक ओरखडा तेलाचं सील कापायला पुरतो.

अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब गाडीच्या लोडनुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची काडी अॅक्सलला जोडलेली असते. लिफ्ट केली की त्याला गाडी कायम रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. भरलेली गाडी वरंध घाटातून उतरवताना हे जिवावर बेतू शकतं. त्या काडीचं ब्रॅकेट तितकंच हलवून घ्या, सर्व्हिस मॅन्युअल बघून. हेडलाइट खाली करा, समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

बसवल्यावर तपासणी सोपी आहे. दांडा उघडा असेल तर त्याला नळीला टेकवून एक केबल टाय बांधा आणि नेहमीच्या वाटेवर फिरून या. टाय दांड्यावर जिथे सरकलेला असेल तिथपर्यंत शॉकअप मिटला. दांड्याच्या टोकापर्यंत गेला असेल तर तळ गाठतोय. दुसरी गोष्ट, अर्धा तास खराब रस्ता झाला की चारही शॉकअपना हात लावून बघा, चटका बसेल म्हणून जपून. एकाच अॅक्सलवरचा एक कोमट आणि दुसरा थंड असेल तर थंड असलेला काम करत नाहीये, बाहेरून कितीही कोरडा दिसो. दांड्यापाशी तेलाची पातळ ओल चालते, ओघळ चालत नाही. आणि पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर दांड्यावरचा चिखल पाण्याने धुवा. वाळला की तो सीलखाली पॉलिश पेपरसारखा घासतो.

जादा टाकलेला पाटा सुरुवातीला बसतोच, म्हणून हजार-दोन हजार किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा आणि टेप पुन्हा लावा. माझी डावी बाजू आठ मिलिमीटर बसली, उजवी पाच. हिशेबात दोन्हीकडे जागा सोडलेली होती, त्यामुळे ३५०-५९० चीच जोडी तिथे आजही आहे.